न गाळलेलं उष्टं

तिच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या करंगळीमुळे.

इमारतीच्या गच्चीवर सभा होती. पाण्याचा पंप वरचेवर बंद पडायचा आणि दुरुस्तीला कुणाला बोलवायचं यावरून पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यात जुंपली होती. ती तेव्हा आमच्या समोरच्या घरात नुकतीच राहायला आली होती. भांडणात तिला रस नव्हता. घरून थर्मास भरून चहा आणला होता आणि ती मुकाट्याने एकेकाला देत होती. डाव्या हातात थर्मास, उजव्या हाताच्या बोटांत पेला, आणि थर्मासचं झाकण त्याच उजव्या हाताच्या करंगळीत, तोंड खाली करून अडकवलेलं. शेजारी रिकामं टेबल होतं. पण सगळ्यांचा चहा होईपर्यंत तिने ते झाकण एकदाही टेबलावर टेकवलं नाही.

मुलं पेन्सिल कशी धरतात हे बघण्यात माझा जन्म गेला. हात बघायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. ती माझ्यापाशी आली तेव्हा मी विचारलं, "झाकण खाली का नाही ठेवत तू?"

तिने स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. मग हसली. "अय्या! कळलंच नाही मला. सवय हो, बाई. खाली ठेवलं की घाण लागते."

"टेबल तर स्वच्छ आहे."

"न दिसणारी घाण," असं म्हणून ती पुढच्या माणसाकडे गेली.

इमारतीतली मुलं तिला माशीमावशी म्हणत. हे नाव तिच्या नवऱ्यानेच पसरवलेलं. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं म्हटल्यावर माणसाने विनोद करायचे नाहीत तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. जिन्यात भेटेल त्याला ते सांगत, "आमची ही सरकारी पगारावर माशा पोसते. लाडाने हो! त्यांना भूक लागली की हिला इथे बसल्या जागी कळतं. मी जेवलो की नाही ते मात्र मला सांगावं लागतं."

"अहो, पुरे!" आतून आवाज यायचा. "माशा नाहीत त्या, पेशी आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं तरी पाठ करा."

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या त्या बारीक माशा आपण सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्या माशीच्या अंड्यातल्या गर्भापासून कुणीतरी फार पूर्वी काही पेशी वेगळ्या काढल्या. त्या बाटलीत वाढल्या, दुप्पट झाल्या, पुन्हा दुप्पट झाल्या आणि आजतागायत वाढताहेत. माशी नाही, पंख नाहीत, केळंही नाही. नुसत्या पेशी, फिकट पिवळ्या द्रावणात. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आहेत, आणि आमच्या गावातल्या संस्थेत त्यांचं सगळं हवं-नको बघायचं काम तिचं होतं. वेळेवर नवं द्रावण घालायचं, गर्दी झाली की थोड्या दुसऱ्या बाटलीत काढायच्या, थोड्या गोठवून ठेवायच्या. थोडक्यात, पाळणाघर. तिच्या खोलीत एकही बाटली कधी नासली नव्हती. हे तिने मला सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याने सांगितलं, आणि त्या वेळी ते विनोद करत नव्हते.

एकदा संस्थेने कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना बोलावलं. मीही गेले. खोलीला एकामागे एक दोन दारं. बाहेरच्या चपला पहिल्या दाराशी काढायच्या, आतल्या घालायच्या. आत काचेच्या आडोशाचा एक ओटा, त्यावर वरून सतत गाळलेली हवा सोडणारा पंखा. बोलायचं तर त्या घूंऽऽ आवाजाच्या वर आवाज काढून. तिथे ती मला निराळीच दिसली. घरी जरा वाकून चालणारी, इथे खांदे सरळ. दुसऱ्या प्रयोगशाळेतला कुणी पाहुणा ओट्याला टेकून उभा राहिला तर ती नुसती त्याच्या कोपराकडे बघायची, आणि कोपर आपोआप हलायचं.

तिथेच मला दाढी भेटला. त्याला सगळे दाढीच म्हणत, आणि तो ओ देत असे. तिशीतला संशोधक, बोलताना हात नाचवणारा. तो तिला ताई म्हणायचा.

"बाई, तुम्ही शिवणटिपण केलंय ना? मग तुम्हाला माझं काम लगेच कळेल," तो म्हणाला. "पेशीच्या आत लांबच लांब कापड असतं असं समजा. मी त्याच्यावर ठरलेल्या एका जागी कात्री लावतो. बरोब्बर त्याच जागी, इकडे नाही, तिकडे नाही. पेशी घाबरते. फाटलं की आधी रफू करायला धावते. तेव्हा मी हळूच ठिगळ पुढे करतो. ठिगळाच्या कडा मूळ कापडाशी जुळवून घेतलेल्या. पेशी फसते, तेच शिवून टाकते. आणि त्या ठिगळाला मी हिरवा दिवा लावलेला असतो."

"दिवा कशाला?"

"पेशी दुभंगायच्या बेतात आली की एक प्रथिन तयार होतं, ते मला बघायचंय. दिवा लावला की ते चमकतं. एरवी अंधार. बघा." त्याने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काळोखात विखुरलेले हिरवे ठिपके. रात्री दूरवरच्या डोंगरावर घरं दिसावीत तसे.

"पण सगळ्याच पेशी काही फसत नाहीत," तो पुढे म्हणाला. "बहुतेक आपलं आपण रफू करून मोकळ्या होतात. म्हणून फसलेली एक शोधायची, तिला एकटीला वेगळ्या वाटीत ठेवायचं आणि तिच्यापासून सगळा वंश वाढवायचा. म्हणजे अख्ख्या बाटलीत एकाच आईची लेकरं. आणि इथे ताईंशिवाय माझं पान हलत नाही. सांगा ना, ताई."

"ह्या पेशी एकट्या जगत नाहीत," ती म्हणाली. "चार जणींत ठेवलं तर वाढतात. एकटी ठेवली की मरते. खायला असतं, ऊब असते, तरी मरते."

"मग?"

"मग तिला उष्टं द्यायचं."

दाढी मोठ्याने हसला. "बघा! परदेशी लोक ह्याला भलंमोठं नाव देतात. आमच्याकडे उष्टं."

प्रकार असा होता. धडधाकट पेशी ज्या द्रावणात दोन-तीन दिवस वाढल्या, ते द्रावण काढून घ्यायचं. त्यात त्यांनी काही काही सोडलेलं असतं. ते एकट्या पेशीला दिलं की तिला वाटतं आजूबाजूला माणसं आहेत, आणि ती तग धरते. फक्त ते गाळून द्यायचं. पिचकारीच्या टोकाला बसणारा, बटणाएवढा फिल्टर असतो, त्यातून. कारण त्या उष्ट्यात मूळची, ठिगळ न लावलेली एखादी पेशी राहून गेली, तर ती नव्या वाटीत जाऊन बसते. गाळून झालं की बाटलीच्या झाकणावर निळी चिकटपट्टी लावायची. ही पद्धत तिनेच घालून दिली होती. निळी पट्टी म्हणजे गाळलेलं. मग कुणी काही विचारत नसे.

त्यानंतर वर्षभरात कधीतरी, एका दुपारी ती माझ्याकडे चहाला आली. सोबत नेहमीचा थर्मास होता, कारण माझा चहा तिला पाणचट लागायचा आणि ते ती तोंडावर सांगायची. तिने थर्मास उघडला, झाकण माझ्या टेबलावर ठेवलं आणि ओतायला लागली.

मी त्या झाकणाकडे बघत राहिले. उताणं पडलं होतं. तिचं लक्षही नव्हतं.

"बरं नाही का तुला?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय." पेला भरून वाहायला लागला तेव्हा ती थांबली. फडकं घेतलं, टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. "दाढी गेला, बाई."

"गेला म्हणजे?"

"त्याला काढला. म्हणजे काढला असं कुणी म्हणत नाही. मुदत वाढवली नाही." ती फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती. "आणि ते माझ्यामुळे."

वर्गात शिकलेली एकच गोष्ट मला आयुष्यभर पुरली आहे: मूल बोलायला लागलं की आपण खिडकीबाहेर बघावं.

तिने सांगितलं ते असं. दाढीला एकेकटी पेशी वाट्यांमध्ये टाकायची होती. सगळं तयार होतं, पेशी निवडून झाल्या होत्या, आणि सकाळीच तिच्या लक्षात आलं की फिल्टरचं खोकं संपलं आहे. नवं मागवलेलं होतं, पण आलं नव्हतं. दाढी दारात उभा. "ताई, उष्टं द्या लवकर, तासाभरात माझ्या पोरी मरतील." वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत फिल्टर होते. जिना चढून जायचं, मागायचं, यायचं. पण तिथल्या तंत्रज्ञ बाईशी हिचं वाजलेलं होतं. त्या बाईने हिच्याकडून द्रावण मोजून उचलायच्या प्लास्टिकच्या टिपांचा भरलेला डबा नेला होता आणि परत केला तो रिकामा. त्यावर ही चार लोकांत म्हणाली होती, "तुमच्या दारात आता मी पाय ठेवणार नाही." आणि ती शब्दाची पक्की.

"म्हणून मी ते नुसतं फिरवलं," ती म्हणाली. "सेंट्रीफ्यूजमध्ये गरागरा फिरवलं की पेशी तळाला बसतात. वरचं नितळ तेवढं काढून घेतलं. अगदी वरचं, बाई. मला वाटलं, ह्यात काय येणार? आणि दिलं."

"त्याला सांगितलंस का, गाळलं नाही म्हणून?"

तिने मान हलवली. "निळी पट्टी लावली."

तिने फडकं पुन्हा उलगडलं. मग म्हणाली, "सवयीने लागली असं मी स्वतःला सांगते. हाताला सवय असते ना. पण तसं नाही ते. हात थांबला होता. मला आठवतंय. पट्टी कापून बोटावर घेतली आणि हात थांबला. आणि मग लावली."

पुढचं मला हळूहळू समजलं. काही वाट्यांत त्या नितळ द्रावणातून मूळच्या दोन-चार पेशी गेल्या. दाढीच्या पेशी ठिगळ वागवत हळू वाढणाऱ्या; ह्या बिनठिगळाच्या, मोकळ्या, भराभर वाढणाऱ्या. सुरुवातीला त्या इतक्या थोड्या होत्या की तपासणीत दिसल्या नाहीत. आणि हिरवा दिवा तर दुभंगण्याच्या वेळेपुरताच लागायचा. त्यामुळे अंधारात बसलेली पेशी आपली की परकी, हे नुसतं बघून कळायचा मार्ग नव्हता. दाढीने फोटो काढले, मोठ्या सभेत जाऊन दाखवले, आमच्या बाटलीतली प्रत्येक पेशी ठिगळाची आहे असं छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेने त्या पेशी मागून घेतल्या. तिकडे पोचेपर्यंत आणि वाढेपर्यंत पारडं फिरलं होतं. त्यांनी कळवलं: बहुतेक सगळ्या मूळच्याच पेशी आहेत. तुम्ही फोटो वेचून तर घेतले नाहीत?

"मॅडमनी सगळ्यांत आधी मलाच बोलावलं," ती म्हणाली. मॅडम म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. "दाढीसमोरच विचारलं. 'ताई, मिसळ झाली असेल का? उष्टं गाळलेलं होतं ना?'"

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, 'बाटलीवर निळी पट्टी होती, मॅडम.'"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं-टीं आवाज येत राहिला.

"खोटं नाही बोलले," ती म्हणाली. "बघा ना. एक अक्षर खोटं नाही. आणि दाढी लगेच म्हणाला, 'ताईंच्या हातून नाही होणार, मॅडम. माझंच काहीतरी चुकलं असेल.' तो माझ्या बाजूने बोलला, बाई! जाताना टेबल आवरलं, त्याचा तो कान तुटलेला मग घेतला, आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, 'तुमच्यावर कुणी शंका घेतली नाही, तेवढं बरं झालं.'"

मग ती रडली. रडणंही नीटनेटकं. फडक्याचं एक टोक डोळ्यांना, एकच.

नवऱ्याला तिने सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं हिचं पित्त वाढलंय. मला ते जिन्यात भेटले तर म्हणाले, "बाई, तुम्हीच विचारा हो तिला. माझा एकही विनोद तिला कळेना झालाय. म्हणजे पूर्वीही कळायचे नाहीत, पण निदान चिडायची तरी."

मी तिला सल्ला दिला नाही. दुसऱ्याच्या नोकरीवर उदार होणं सोपं असतं. पण तिने स्वतःच एक वाट काढली होती. पहिल्या दिवसांत, वंश नुकता वाढू लागला तेव्हा, तिने थोड्या पेशी एका नळीत गोठवून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या होत्या. त्यात दाढीच्या खऱ्या पेशी असणारच. ती नळी काढायची, पेशी जाग्या करायच्या, पुन्हा एकेकट्या वाट्यांत टाकायच्या, आणि ह्या वेळी उष्टं गाळून द्यायचं. निव्वळ ठिगळाचा वंश वाढला की सिद्ध होईल की दाढीने केलं ते खरं होतं.

"नुसतं सॉरी घेऊन कशी जाऊ त्याच्याकडे?" ती म्हणाली. "हातात काहीतरी हवं ना."

ते बरोबर होतं. आणि हेही खरं, की त्यामुळे तिला आणखी काही आठवडे गप्प राहता आलं. मॅडमना तिने सांगितलं, जुन्या नळ्या जिवंत आहेत का ते बघतेय. त्या दिवसांत ती समोरच्या दारातून बाहेर पडताना मला दिसायची. कुलूप लावायची, ओढून बघायची, दोन पायऱ्या उतरायची, परत येऊन पुन्हा ओढून बघायची.

एके दिवशी ती दारात आली. "वाढल्या," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही याल माझ्याबरोबर? तुम्ही काही बोलू नका. नुसतं बसा."

दाढी मेव्हण्याच्या रंगाच्या दुकानावरच्या खोल्यांत राहत होता आणि त्याच दुकानात काम करत होता. आम्ही गेलो तेव्हा तो एका गिऱ्हाइकासाठी रंग कालवत होता. यंत्राखाली पांढऱ्या रंगाचा डबा, वरून रंगांचे थेंब पडताहेत. दाढी काढून टाकली होती. गाल उघडे पडल्यामुळे तो एकदम लहान वाटला.

"अरे! ताई! आणि बाई पण!" तो खरंच खूश झाला, हेच वाईट होतं. "घरातला रंग काढायचाय का? ताईंना पांढराच लागणार. त्यात आमच्याकडे बावीस छटा आहेत, बाई, माणसाला वेड लागेल." त्याने वर हाक मारली, "अगं, माझ्या ताई आल्यात!"

त्याची बायको रुग्णालयात परिचारिका होती, नुकतीच कामावरून आलेली. तिने आम्हाला वर नेलं, पाणी दिलं आणि ती दाराला टेकून उभी राहिली. ती बसली नाही. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," ती म्हणाली. "हा रोज सांगायचा. ताईंची खोली म्हणजे ऑपरेशन थिएटर."

मग हिने सांगितलं. बसायच्या आधीच, पर्स हातात धरून. संपलेलं खोकं, वरच्या मजल्यावरची बाई, नितळ द्रावण, निळी पट्टी. मॅडमना दिलेलं उत्तर. काही गाळलं नाही.

दाढी ऐकत होता. हाताच्या नखात पिवळा रंग अडकला होता, तो दुसऱ्या नखाने काढत होता.

"फिल्टर नव्हता, तर सांगायचं ना," शेवटी तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर थांबला असता?"

त्याने विचार केला. "नसतो थांबलो. म्हटलं असतं, द्या तसंच, बघू." मग वर बघून म्हणाला, "पण मला माहीत असतं, ताई. पुढे काही वेडंवाकडं दिसलं असतं तर पहिलं तिथे बघितलं असतं."

तिने पर्सची चेन उघडली, परत लावली.

"तुम्हाला सांगू का काय झालं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "त्यांनी विचारलं ना, फोटो वेचून घेतले का? पहिले काही दिवस मी म्हणत होतो, नाही. नंतर मलाच वाटायला लागलं, घेतले असतील. हिरवं दिसेल तिकडेच बघत असेन. काळोखाकडे बघितलंच नसेल. मी स्वतःलाच चोर समजून बसलो. हिला विचारा."

"झोपेत बडबडायचा," बायको दारातून म्हणाली. "'मोजले होते, सगळे मोजले होते.' मी म्हणायची, अरे काय मोजले होते? आणि हा माणूस मला म्हणाला, मी खोटारडा असेन तर तू काय करशील." ती ताईंकडे सरळ बघत होती. "आमच्याकडेही चुका होतात. चुकीचं औषध दिलं जातं. मी स्वतः दिलंय. पण धावत जाऊन सांगतो आम्ही. पेशंट समोर असतो ना."

"तू जरा थांब," दाढी म्हणाला.

"मी कुठे काय बोलले? चहा टाकते." पण ती जागची हलली नाही.

हिने पर्समधून फोटो काढले. नव्या वंशाचे, आणि तपासणीच्या निकालाचे. त्याच्यासमोर ठेवले. त्याने हातात घेतले नाहीत. वाकून नुसते बघितले. बघता बघता त्याचा चेहरा त्या दिवशी सूक्ष्मदर्शकापाशी होता तसा झाला, क्षणभरच. "हा निखळ आहे," तो म्हणाला. "एकसुद्धा मूळची नाही. सुंदर आलाय, ताई."

"तुमचाच आहे."

"हो." त्याने फोटो बोटाने परत तिच्याकडे सरकवले. "मग मला कशाला दाखवता? मॅडमना दाखवा."

खाली उतरताना जिन्यात ती मला म्हणाली, "त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं." मी म्हटलं, कुणाला बरं? ती कठडा धरून उतरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी परदेशातल्या प्रयोगशाळेला तिच्यासमोरच फोन लावला, चूक आमच्याकडची, त्या मुलाची नाही, असं सांगितलं. फोन ठेवून तिला म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही खोटं बोलला असतात तर मी समजू शकले असते, ताई. माणूस घाबरतो. पण तुम्ही शब्द शोधून खरं बोललात. त्याचा मला जास्त राग आहे."

हे वाक्य तिने मला जसंच्या तसं सांगितलं. नंतरही पुष्कळदा, मी न विचारता.

नवऱ्याला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याचा, एक माझा, ते ह्याचसाठी." तिला वाटलं हा विनोद आहे, म्हणून ती चिडली. तो विनोद नव्हता.

दाढीचं काम निखळ वंशासह प्रसिद्ध झालं, पहिलं नाव त्याचंच. मॅडमनी त्याला परत बोलावलं. त्याने आभार मानले आणि येत नाही म्हणाला. मेव्हण्याने दुकानात भागीदारी देऊ केली होती. आणि सकाळी शटर वर करायची सवय झालीय, असंही तो म्हणाला. सवयीचंच कारण असेल असं मला वाटत नाही. दोन-तीनदा ती त्या दुकानावरून गेली. एकदा आतही गेली आणि पांढऱ्या रंगाचा छोटा डबा घेऊन आली. तो अजून तिच्या माळ्यावर आहे, न उघडलेला. दाढीने नीट वागवलं, बाईंना नमस्कार सांगा म्हणाला. ताई मात्र म्हणाला नाही. दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना म्हणतो तसं, मॅडम म्हणाला.

तिला कुणी शिक्षा केली नाही. तिनेच बदली मागून घेतली. लोक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला, वर्षभरात सगळे विसरले असते. नवऱ्यानेही समजावून पाहिलं. माझ्याकडे चहाला येते तेव्हा थर्मासचं झाकण पुन्हा करंगळीत असतं. पण आता तिला ते कळतं, मध्येच कळतं, आणि ती हाताकडे बघत राहते. मग मी खिडकीबाहेर बघते.

सध्या ती संस्थेच्या तळमजल्यावरच्या भांडारात काम करते. फिल्टरचं खोकं संपायच्या आधी दुसरं मागवणं, आणि मागेल त्या मजल्यावर ते स्वतः जिना चढून नेऊन देणं, हे तिचं काम आहे.